आमच्याकडचा शरद पण लिहा की

शरद ऋतूवरच्या तुमच्या लेखात युरोपातल्या पानगळीचं मस्त सांगितलंय, दिवस लहान झाला की हरितद्रव्य मोडतं अन् आत आधीपासून असलेला पिवळा रंग दिसायला लागतो हे लई आवडलं. पण कोल्हापुरात शरद वेगळाच असतोय बघा, पानं गळतात ती थंडी सरता सरता, ऑक्टोबरात मात्र पाऊस माघारी गेला की मसाई पठारावरचं हिरवं गवत सोनेरी व्हायला लागतं, सोनकीची फुलं पिवळीधमक, आणि धोबी पक्षी शेपटी हलवत तळ्याकाठी हजर, पार उत्तरेकडनं येतोय एवढासा जीव! दुपारी ऑक्टोबर हीट नको वाटते खरी पण पहाटे दव पडतंय. दसऱ्याच्या आसपास जाऊन या, फक्त गाड्या पठारावर घालू नका, फुलं चिरडतात राव.