खुलासा : फर्मवेअर बदलल्याने इंटरनेटचा वेग दुप्पट होत नाही

‘राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाका, वेग दुप्पट होईल, मॉडेलचं नाव जुळलं की झालं’ असा संदेश फिरतो आहे. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरच्या फर्मवेअरच्या (आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) जागी टाकता येणारं, लिनक्सवर आधारलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

वेगाची मर्यादा तुमच्या प्लॅननुसार सेवा देणारी कंपनी ठरवते. राउटरमधलं सॉफ्टवेअर ती वाढवू शकत नाही. खरा फायदा वेगळाच आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचा. त्यातली एसक्यूएम ही डेटाची रांग नीट लावणारी सोय सुरू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवली, की मोठी फाइल अपलोड होत असतानाही व्हिडिओ कॉल अडखळत नाही. म्हणजे वेगाचा कमाल आकडा उलट किंचित घटतो! शिवाय कंपनीने अपडेट थांबवलेल्या राउटरलाही सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहू शकतात.

दुसरा दावा मात्र घातक आहे. नाव तेच असलं तरी आतलं हार्डवेअर बदललेलं असू शकतं. लिंक्सिसच्या प्रसिद्ध डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी निम्मी झाली होती आणि लिनक्सही काढलं होतं. म्हणून राउटरखालच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती पाहा, नेमकी त्याच आवृत्तीची फाइल घ्या, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा संकेतांक) जुळवा. फाइल चढत असताना वीजपुरवठा तोडू नका. चुकीच्या फाइलने बंद पडलेले काही राउटर टीएफटीपीने (केबलने जोडलेल्या संगणकावरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) परत सुरू होतात, सगळे नाही.