इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी चांगली? : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बंद पडून असलेली जुनी मोटार विकत घेऊ पाहणाऱ्यांना धीर देणारा एक संदेश सध्या मोबाइलवरून हातोहात फिरत आहे. तो ज्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही असा बडोद्यातला मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. त्याचा आशय असा : वाड्यात किंवा बंगल्यामागे वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट किंवा ॲम्बेसेडर दिसली तर बिचकू नका, नवी बॅटरी लावा, दोन लिटर ताजे पेट्रोल घाला, तरीही सुरू झाली नाही तर धक्का मारा, आणि इंजिन सुरू झाले की सौदा पक्का करा. कारणेही पुढे दिली आहेत. गाडी फारशी चाललेली नसल्याने इंजिन नव्यासारखे असते, त्या काळचा पत्रा जाड असल्याने तो गंजत नाही, सुटे भाग सगळे मिळतात, कागद मागाहून होतात, आणि पन्नास वर्षे उलटली की गाडी ‘व्हिंटेज’ ठरून आरटीओचा प्रश्नच उरत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’चा जुन्या मोटारींचा सोहळा झाला, तेव्हापासून आपल्याकडे या हौसेला भर आला आहे, आणि हौशी माणसाला हवे तेच सांगणारा संदेश लवकर पटतो. माझा आक्षेप त्यातील एकेका विधानावर आहेच, पण त्याहून अधिक त्याने सांगितलेल्या क्रमावर आहे. इंजिन हा जुन्या गाडीतला सर्वांत सहज दुरुस्त होणारा मोठा भाग आहे. कुजलेला पत्रा आणि तुटलेली कागदांची साखळी यांवर पैसे खर्चूनही पुष्कळदा उपाय होत नाही. म्हणून पाहणी कागदांपासून आणि पत्र्यापासून सुरू करावी, आणि किल्ली सर्वांत शेवटी फिरवावी. संदेशाला उत्तर द्यायचे असल्याने येथे मात्र साधारण त्याच्याच क्रमाने जातो.

इंजिन सुरू होण्यासाठी ठिणगी, पेट्रोल आणि सिलिंडरमधला थोडाफार दाब एवढेच पुरते. गाडीच्या उरलेल्या अंगाविषयी ते काहीच सांगत नाही. हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या एका वाड्यातून मी अशीच एक फियाट घेतली. अर्ध्या सेल्फला इंजिन बोलले, मी तिथेच पैसे मोजले आणि सूरसागराच्या काठाने घरी निघालो. तिसऱ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा पेडल थेट खालच्या पत्र्याला टेकले, आणि हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवावी लागली. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर, म्हणजे चाकाजवळचे ब्रेकचे सिलिंडर, आतून गंजतात, आणि वाळलेले रबरी कप दोन-तीन दाबांपुरते तग धरून मग गळू लागतात. विकणाऱ्याने काही लपवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यानेही ती गाडी कित्येक वर्षांत हलवलेली नव्हती. उभ्या गाडीचे ब्रेक पेडल मिनिटभर पूर्ण ताकदीने दाबून धरले असता ते खाली सरकू लागले, किंवा चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर ती गाडी चालवत नेऊ नये, टोइंगवाल्याला बोलवावे. गिअर टाकून आणि क्लच दाबूनही चाके मोकळी होत नसतील तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला) गंजाने चिकटली आहे असे समजावे.

संदेशातला सर्वांत घातक सल्ला धक्का मारण्याचा आहे. दीर्घकाळ थांबलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतींना गंजाने धरून बसतात आणि एखादी व्हॉल्व्ह उघडीच अडकलेली असते. अशा स्थितीत गाडी ढकलून किंवा ओढून इंजिन जबरीने फिरवले तर रिंग तुटते किंवा व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड वाकतो, आणि मग जे काम थोडे तेल आणि थोडा धीर यांवर भागले असते ते पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. योग्य रीत अशी की प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, निदान एक रात्र जाऊ द्यावी आणि मग हँडलने किंवा पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवून पाहावे. ते सहज फिरले तर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचे असते. तो दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, जैसे थे राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. विक्रेता एवढा वेळ देणार नसेल तर निदान डिपस्टिक ओढून तेल दुधाळ झाले आहे का ते पाहावे, कारण तेलात पाणी उतरल्याची ती खूण आहे. आणि पाहायला जाण्याची वेळ आधीच ठरली असेल तर पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर इंजिन आपल्यासाठी आधीच तापवून ठेवलेले आहे.

‘दोन लिटर ताजे पेट्रोल’ घातल्याने टाकीतले शिळे पेट्रोल ताजे होत नाही. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये साचतो आणि टाकीच्या तळचा गंज नव्या पेट्रोलबरोबर पुढे वाहतो. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशभर पेट्रोलमध्ये दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि नंतर ते प्रमाण वीस टक्क्यांकडे गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांना ते मानवत नाही. फियाटच्या इंजिनाला लागून बसवलेल्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरते. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हातच लावू नये. पाहणीपुरते इंजिन चालवायचेच असेल तर टाकीची नळी सोडवून बाहेरच्या स्वच्छ बाटलीतून पेट्रोल द्यावे.

किलोमीटरविषयी थोडक्यात सांगता येईल. जुन्या मोटारींच्या मीटरवर बहुधा पाचच आकडे असतात, म्हणजे लाख किलोमीटर झाले की मीटर पुन्हा शून्यावर येते. शिवाय केबल तुटली तर मीटर थांबते आणि गाडी चालत राहते. पेडलचे झिजलेले रबर, चालकाच्या सीटच्या बसलेल्या स्प्रिंगा आणि उघडताच खाली झुकणारे दार हे त्या मीटरहून अधिक प्रामाणिक साक्षीदार आहेत. आणि गाडी खरोखरच कमी चाललेली असली तरी रबराचे वय किलोमीटरवर मोजत नाहीत. ऑइल सील, नळ्या, बुश, टायर हे सगळे उभ्या उभ्या म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, मग त्याची नक्षी कितीही खोल असो.

आता पत्रा. पत्र्याची जाडी हा मुद्दाच गैरलागू आहे, कारण गंज बाहेरून नव्हे, आतून लागतो. मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड वेगळ्या चेसिसवर उभी होती. कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर यांना मात्र तशी स्वतंत्र चेसिस नाही, पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडून केलेले अंग हाच त्यांचा सांगाडा आहे. त्या पेट्यांत ओल अडकली की बाहेरचा रंग चकचकीत असताना आतला पत्रा कागदासारखा होतो. ‘गाडी कायम ताडपत्रीखाली ठेवली होती’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो तेव्हा मला उलट धास्ती वाटते. मातीच्या अंगणात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीला खालून येणारी वाफ बाहेर पडायला जागा नसते, आणि पावसाळ्याचे चार महिने ती त्या वाफेतच उभी राहते. उघड्या, वारा खेळणाऱ्या शेडमधली धुळकट गाडी तिच्याहून बरी. पाहणीला जाताना टॉर्च, पेचकस आणि मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक एवढे सोबत असावे. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी भोके बुजवणारी पुट्टी आहे. दारांखालचा उंबऱ्यासारखा आडवा पत्रा, पायपोसाखालचा तळ, स्टेपनीची खाच, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि पुढचे सस्पेन्शन जिथे अंगाला जोडलेले असते ती जागा, येथे पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे. शेवटची जागा मऊ लागली तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. गाडीखाली नव्याने फासलेले काळे डांबरी कोटिंग दिसले तर ते कधी आणि कशासाठी केले, हे जरूर विचारावे.

बडोद्यात या पाहणीला आणखी एक पदर आहे, आणि बाहेरगावच्या कुणीतरी लिहिलेल्या त्या संदेशात तो असणे शक्यच नव्हते. ३१ जुलै २०१९ च्या पावसानंतर आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. रस्त्यांवर आलेल्या मगरींचीच छायाचित्रे देशाने पाहिली, पण तळमजल्यावर उभ्या असलेल्या बंद गाड्या त्या पाण्यातून ढकलून बाहेर काढायला कुणाला सवड होती? चालती गाडी बुडाली तर मालक लगेच गॅरेज गाठतो. बंद गाडीत शिरलेले पाणी आपोआप ओसरेपर्यंत तसेच राहते आणि पुढे ती धुऊन विक्रीला येते. म्हणून पूर येऊन गेलेल्या भागातली गाडी असेल तर घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ आधी पाहावी, ती गाडीच्या कोणत्या भागापर्यंत येते ते ताडावे, आणि मग तेवढ्या उंचीखालच्या जागा उघडाव्यात. सीट आणि गालिचा धुता येतात. हेडलाइटच्या वाटीत, दारांच्या अस्तरामागे, डॅशबोर्डच्या पाठीमागे आणि फ्यूजच्या डब्यात बसलेला बारीक गाळ सहसा कोणी काढत नाही. सीटखालच्या स्प्रिंगा एका ठरावीक रेषेपर्यंतच गंजलेल्या असतील तर दुसरा पुरावा नको. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (मागच्या चाकांमधली गिअरची पेटी) यांचे तेल थोडे काढून पाहावे, कारण हवा जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी तिथेही शिरते आणि तेल राखाडी, फेसाळ होते. अशी गाडी घेऊच नये असे नाही, मात्र तिची किंमत इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळे उघडायचे आहे असे धरूनच ठरवावी.

सुट्या भागांबाबत संदेश अर्धा खरा आहे. फियाट आणि ॲम्बेसेडर यांचे इंजिन व ब्रेकचे भाग अजून मिळतात. दारांचे रबर, काचा, क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या कडा मूळ स्वरूपात मिळवणे फार कठीण जाते. हेराल्डची गोष्ट त्याहून बिकट आहे. जे गाडीवर नाही ते मिळणार नाही असे धरून चालावे.

‘कागद मागाहून होतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा कधी वारसांची गाडी घेतलेली नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या बहुतेक गाड्या आजोबांच्या नावावर असतात, आजोबा हयात नसतात आणि सौदा नातू करत असतो. मालक हयात असेल तर हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. तो निवर्तला असेल तर आधी वारसाच्या नावावर नोंद व्हावी लागते, तिचा फॉर्म ३१ आहे, आणि त्यासाठी इतर वारसांची संमती लागते. पुण्यातला काका किंवा अमेरिकेतली आत्या सही करायला तयार आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच कळलेले बरे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी गाडी प्रत्यक्ष दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. ते नूतनीकरण किती वर्षे थकले आहे आणि जुन्या आरसी बुकातली नोंद संगणकावर आली आहे की नाही, हे आरटीओत स्वतः विचारावे. बुकातला इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक गाडीवरच्या ठशाशी अक्षरनअक्षर ताडून पाहावा. या क्रमांकांची प्लेट नव्या रिव्हेटने बसवलेली दिसली तर तिथेच थांबावे.

राहिला ‘व्हिंटेज’चा मुद्दा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते, हे खरे आहे. पण ती आपोआप होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षांसाठी असते. शिवाय अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. ज्याला रविवारी सकाळी मुलांना घेऊन कमाटीबागेपर्यंत फियाटने जायचे आहे त्याच्यासाठी साधे नूतनीकरणच सोयीचे आहे. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्या चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७० च्या ॲम्बेसेडरमध्ये पुढे कोणी इसुझूचे इंजिन बसवले असेल तर ती सेल्फला कितीही झटकन सुरू होवो, या नोंदणीच्या वेळी तेच इंजिन आड येईल.