तुमचा डॉक्टर कोणता?

चारचौघांत कुणी हा प्रश्न टाकला की माझ्या पोटात गोळा येतो. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेत परग्रहावरच्या 'डॉक्टर' नावाच्या नायकाचं काम इतक्या जणांनी केलं, त्यातला तुमचा लाडका कोण, एवढंच विचारायचं असतं. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना वाटतं, हा फॅमिली डॉक्टरचं नाव सांगायला एवढा का कचरतोय? ज्यांनी पाहिली आहे ते बाह्या सरसावून बसलेले असतात.

पहिला घोळ मोजणीचा. डेव्हिड टेनंट दहावा, आणि २०२३मध्ये परतला तो चौदावा. जॉन हर्टचा डॉक्टर आठव्या-नवव्याच्या मध्ये बसतो, पण त्याला आकडाच नाही. जो मार्टिनची डॉक्टर नेमकी कुठे बसते, यावरून घरं फुटतील. पहिला डॉक्टर तिघांनी केलाय: विल्यम हार्टनेल, मग १९८३मध्ये रिचर्ड हर्नडॉल, मग २०१७मध्ये डेव्हिड ब्रॅडली. पीटर कुशिंगने दोन सिनेमांत केला तो मोजायचा नाही, कारण तो परग्रहावरचा नाही, साधा माणूस आहे आणि त्याचं आडनावच 'हू' आहे. क्षयतिथी आणि अधिक महिना ज्याला कळतो त्यानेच या यादीला हात घालावा.

त्यात सोयरिक. पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन. त्याची मुलगी जॉर्जिया २००८च्या एका भागात दहाव्या डॉक्टरची मुलगी झाली आणि पुढे खऱ्या आयुष्यात त्याच दहाव्याची, म्हणजे टेनंटची, बायको. हे कुणाला समजावून सांगायला घेतलं की ऐकणारी मावशी 'चहा टाकते' म्हणून उठते ती परत येत नाही.

नट बदलणं आपल्याला नवं नाही. नाटकात रिप्लेसमेंट होते. मालिकेतल्या नायकाला अपघात होतो, बँडेज सुटतं आणि आतून दुसराच माणूस निघतो. बीबीसीने १९६६मध्ये हेच केलं, फक्त लाजत-लपत केलं नाही. हार्टनेलला धमन्यांचा आजार होता, वाक्यं आठवेनाशी झाली होती. २९ ऑक्टोबरच्या भागात तो जमिनीवर पडतो आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटनचा चेहरा उमटतो. मरायला टेकलेल्या डॉक्टरने असं नवं शरीर घेण्याला 'रीजनरेशन' हा भारदस्त शब्द आला १९७४मध्ये, तोवर कामापुरतं काम चाललं होतं. (मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला चोवीस वर्षांचा पोरगा होता. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं लक्ष कुठे असणार? पुढच्या आठवड्यात तो भाग पुन्हा दाखवावा लागला.)

तर माझा डॉक्टर ट्राउटन. आणि हीच माझी गोची आहे.

ट्राउटनने १९६६ ते १९६९ या काळात ११९ भाग केले. त्यातले ५३ जगात कुठेच नाहीत. चोरी नाही, आग नाही, बीबीसीनेच पुसले. तेव्हाची दोन इंची व्हिडिओ टेप महाग, पण पुन्हा वापरता येणारी. पुनर्प्रसारण कलाकारांच्या करारात बांधलेलं. घरी बसून जुने भाग बघायची सोय कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मग फडताळ कशाला अडवायचं? टेपवर दुसरा कार्यक्रम चढवला. परदेशी विकायला काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या फिल्मही हक्क संपले तशा निकालात निघाल्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यालाही आपण याहून जास्त माया लावतो.

म्हणून ट्राउटनचा चाहता होणं हे कष्टाचं काम आहे. हरवलेला भाग 'बघायची' रीत अशी. आवाज प्रत्येक भागाचा आहे, कारण तेव्हा काही पोरांनी टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरून तो टेप केला होता. चित्रासाठी जॉन क्युरा नावाच्या गृहस्थाचे आभार मानायचे. तो टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढून कलाकारांना विकायचा, भागाला साठ-सत्तर. भाग पंचवीस मिनिटांचा, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांना एक फोटो. आवाज लावायचा, फोटो सरकवायचे. यात बिघडतं ते असं की ट्राउटनचं निम्मं काम संवादात नाहीच. ते भुवयांत आहे, खिशात काहीतरी चाचपणाऱ्या हातांत आहे, धोका दिसताच मागच्या मागे सटकणाऱ्या पायांत आहे. ऐकताना मिनिटभर नुसती घरघर येते, मग कुणीतरी किंचाळतं आणि आपण मागच्याच फोटोकडे बघत असतो. त्याची पहिली सहा भागांची कथा अख्खी गेली. ती २०१६मध्ये ॲनिमेशन करून आणली. चेहरा आला. पाय नाही आले.

आता उरलेल्यातलं बघा. सायबरमेनच्या, म्हणजे यंत्र बनलेल्या माणसांच्या, थडग्याची १९६७ची कथा हाँगकाँगमध्ये सापडली. तिच्यात थडग्याच्या दारातून आत जाताना डॉक्टर आणि त्याचा सोबती जेमी, दोघंही घाबरलेल्या सोबतीण व्हिक्टोरियाचा हात धरायला म्हणून हात पुढे करतात आणि एकमेकांचाच धरतात. दोन पावलं तसेच चालतात. मग खाली बघतात आणि चटका बसल्यासारखे हात सोडतात. संवाद शून्य. हे टेपरेकॉर्डरवर ऐका पाहू!

टॉम बेकर म्हटलं की सगळे मान डोलावतात. त्याने सात वर्षं डॉक्टर केला. तो लांबलचक मफलर झाला तो विणणाऱ्या बाई बेगोनिया पोप यांच्यामुळे. त्यांच्याकडे दिली होती भरपूर लोकर, त्यांनी ती सगळी विणून टाकली. माप सांगायचं राहिलं की काय होतं, हे आपल्या शिंप्यांनाही ठाऊक आहे. कॉलिन बेकरवर खरा अन्याय झाला. गोधडी उसवून शिवल्यासारखा कोट घालून कुणी गंभीर अभिनय करून दाखवावा! पुढे त्याला काढलं, तो निरोपाच्या प्रसंगाला आला नाही, आणि पुढच्या डॉक्टरने, सिल्व्हेस्टर मॅकॉयने, त्याच्यासारखा टोप घालून दोघांचंही काम भागवलं. पीटर कपाल्डीने २०१५मध्ये जवळजवळ अख्खा भाग एकट्याने पेलला, त्याला माझा नमस्कार. जोडी व्हिटेकर ही पहिली बाई डॉक्टर म्हणून वाद घालणाऱ्यांनी तिचा पंजाबच्या फाळणीवरचा भाग आधी बघावा, मग तोंड उघडावं. मॅट स्मिथ छानच, पण त्याने स्वतःच सांगितलंय की ट्राउटन बघून तो हे शिकला. म्हणजे तो धागाही आमच्याच दारी येतो.

पण चारचौघांत 'ट्राउटन' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कुठला भाग बघू? तेव्हा मी ती सहा भागांची कथा सांगतो, जिचे बरेचसे भाग नायजेरियात सापडल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं. लंडनच्या भुयारी रेल्वेत केसाळ यति घुसतात ती. तिसरा भाग सोडून बाकीचे पाच आहेत. पुढे वर्षानुवर्षं मालिकेत राहिलेला लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा दिसतो तो कोणत्या भागात?

तिसऱ्या.