दिवाळीनंतर गावात उरतं कोण?

महिला सक्षमीकरण प्रकल्पाच्या व्यवस्थापकाचं काम म्हणजे वेळापत्रक, बजेट आणि तिमाही अहवाल, असं या कामावरच्या एका लेखात वाचलं. असेल. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात वेळापत्रक ऊस ठरवतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून प्रशिक्षणं नेमकी तेव्हाच लागतात. हजेरीपटावर सह्या मात्र पूर्ण! कुणाच्या, ते विचारू नये.

आमचूराचं घ्या. उन्हाळ्यात बाया कैऱ्या सोलून फोडी वाळवतात. वळवाच्या एका सरीत फोडी काळ्या पडतात, व्यापारी भाव पाडतो. तिथे ताडपत्री, कोरडी खोली आणि भाव येईपर्यंत घर चालेल इतकी बचत गटाकडून उचल हवी. आम्ही प्रकल्पवाले देतो नेतृत्वविकासाचं शिबिर.

दुसरं, हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना मुळात लागूच होत नाही. म्हणजे मुलींना समान वाटा देणारी २००५ ची दुरुस्तीही नाही. तरी नंदुरबारात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर १० पैकी जवळपास ७ माणसं आदिवासी, मुलींच्या समान वाट्याचं तेच पोस्टर लावतात. त्यापेक्षा नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचंही नाव लावून घेण्यासाठी तिच्यासोबत तलाठ्याकडे जाईल असा, पावरी-भिली या इथल्या बोली बोलणारा माणूस नेमा. बजेटमध्ये त्याच्या प्रवासखर्चाची तरतूद आधी करा.