आडवं झोपता येतं का?

माझी मावसबहीण धायरीला राहते. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात तिला दम लागायला लागला. जिना चढताना लागतो तसा नव्हे, रात्री तीन उशांची चळत लावून बसूनच झोपायची. मावशी म्हणाली, "पोट वर आलंय, होतंच." गायनॅक मॅडमनी फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी फाइलवर 'सातवा महिना' वाचलं आणि फाइल मिटली. "आत्ता एक्स-रे नको, औषधंही नकोत. डिलिव्हरीनंतर बघू." परत गायनॅक, परत चिठ्ठी. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून चार फेऱ्या!

शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात एका रेसिडेंट मुलीनं विचारलं, "ताई, आडवं झोपता येतं का? लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?" सुजले होते, दुसरीत असताना. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला तर त्या तापानं हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात. एवढं रक्त त्या फटीतून पुढे सरकेना, फुफ्फुसात तुंबायचं. गोळ्या सुरू झाल्या, चार दिवसांत ती एका उशीवर आली. पुढे डिलिव्हरीही नॉर्मल झाली. आम्ही सगळे सिझेरियन धरूनच बसलो होतो.

आधीचे डॉक्टर वाईट नव्हते, बिचकले होते. गरोदर बाईला काहीच न देणं म्हणजे सुरक्षित, असं डोक्यात बसलेलं. पण फिट येणाऱ्या बाईच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. आणि छातीच्या एक्स-रेचं बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन नगण्य असतं. इंग्लंडात गरोदर बायकांच्या असल्या आजारांसाठी खास तयार झालेले फिजिशियन असतात. आपल्याकडे निदान मेडिसिनच्या एम.डी.ला तीन वर्षांतले दोन महिने गरोदर बायकांच्या ओपीडीत बसवा की! दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत त्यांची तपासणी असतेच.

२०१८-२० च्या सरकारी आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३. आपण बरे आहोत, मान्य. पण बाळंतपणातला रक्तस्राव आटोक्यात येईल तसे मागे उरतात ते हृदयाचे, किडनीचे असले आजार, आणि ते एकट्या गायनॅकच्या गळ्यात घालून चालत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी त्या मुलीला विचारलं, हे प्रश्न कुठे शिकलीस? म्हणाली, "आमच्या युनिटला एक मॅडम होत्या, राउंडला प्रत्येकीला विचारायला लावायच्या."

"आणि दुसऱ्या युनिटला पोस्टिंग लागलं असतं तर?"

ती नुसती हसली.