‘पेशंटला काही सांगू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. ‘ऑपरेशन असेल तर पेशंटला काही सांगू नका. कळलं की धसका घेतो, बीपी वाढतं. नुसतं “काही होत नाही” म्हणा. भेटायला भरपूर माणसं जाऊ द्या, धीर येतो. मन खंबीर असलं की भीती वाटतच नाही.’ मी कोल्हापुरात सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. लोक हा मेसेज मायेपोटीच पुढे पाठवतात, पण त्यानं पेशंटचे हाल होतात.

भीतीनं बीपी वाढतं, नाडी पळते, झोप उडते हे खरंच आहे. पण न सांगितल्यानं भीती जाते कुठं? सकाळपासून उपाशी ठेवलंय, बायको पॅसेजमध्ये जाऊन डोळे पुसून येतेय, हे त्याला दिसतंच. उरलेलं शेजारच्या कॉटवरचा सांगतो, तेही तिखटमीठ लावून.

१९६४ साली बोस्टनच्या एग्बर्ट नावाच्या भूलतज्ज्ञांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांना आदल्या रात्री नीट समजावून सांगितलं: कुठं दुखेल, का दुखेल, कूस कशी बदलायची, अंग सैल कसं सोडायचं. कुणाला सांगितलंय आणि कुणाला नाही, हे सर्जनना माहीत नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना वेदनेची कडक औषधं सुमारे निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

सांगायचं म्हणजे आजाराचा सगळा पाढा वाचायचा असं नाही. आधी विचारावं, ‘काका, तुम्हाला काय माहीत आहे? आणखी काय जाणून घ्यायचंय?’ कुणी म्हणालं, ‘नको, पोराला सांगा,’ तर तेही मानावं. पण अंगाला काय जाणवेल ते सांगावंच. ऑपरेशन थिएटरमध्ये गारठा असतो, मशीनचा टुकटुक आवाज येतो. पाठीत भूल दिली की पाय गरम वाटतात, मग जड होतात, हलत नाहीत, काही तासांनी पुन्हा हलायला लागतात. हे आधी माहीत नसलेला माणूस ‘माझं पाय गेलं’ म्हणून ओरडतो.

उपाशी का ठेवलंय, हेही सांगायला हवं. भुलेत उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. हे न कळलेला पेशंट गुपचूप चहा घेतो, आणि ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं.

शिवाय संमती पेशंटनंच द्यायची असते. भुलेत असलेल्या सज्ञान मुलीच्या ऑपरेशनला आईची संमती घेतली, ती पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं. मग ज्याला काही सांगितलंच नाही, तो कोणत्या गोष्टीला संमती देणार?

गर्दीचं म्हणाल तर गगनबावड्याहून, चंदगडहून गाडी भरून माणसं येतात, हे प्रेम मला कळतं. पण प्रत्येकजण कुणाचं ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगून जातो. हात धरून बसणारं एक माणूस पुरे.

खंबीर मनाच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. इथं ‘पैलवान गडी आणि घाबरतोस?’ हे सर्रास बोललं जातं. तालमीत घडलेला गडीही सुई बघून कोसळतो. काहींचं बीपी रक्त किंवा सुई दिसताच आधी वाढतं आणि मग एकदम खाली येतं, म्हणून चक्कर येते. हा शरीराचा प्रकार आहे. अशा पेशंटला आडवं झोपवून रक्त घ्यावं. सुई टोचायचा हात सैल ठेवून मांड्या, पोट आणि दुसरा हात आवळायला सांगावा, म्हणजे बीपी टिकतं. पण आपल्याला चक्कर येते हे सांगायची त्याला लाज वाटली, तर आम्हाला कळणार कसं?

भीतीनं रात्ररात्र झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, पेशंट उपचारालाच नको म्हणत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरज असेल तर ते औषधही देतात. घरी गेल्यावरही हे चालूच राहिलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर रात्रीअपरात्रीही बोलता येतं, आणि मराठीतही बोलता येतं.