‘सही केली म्हणजे चूक मान्य केली’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: लिस्बनला भाड्याच्या गाडीला अपघात झाला तर समोरच्याबरोबर फॉर्म भरून सही करा, हा माझा सल्ला घातक आहे. पोलीस पंचनामा करीपर्यंत कागदाला हात लावू नये, आणि दावा काय, गोव्यात परतल्यावर मडगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही टाकता येईल.

आपल्याकडे सही टाळणं शहाणपणाचं, हे मान्य. पण पोर्तुगालमध्ये कुणाला लागलं नसेल तर पोलिसांशिवायच दावा उभा राहतो, तो याच ‘देक्लारासांव आमिगावेल’वर, म्हणजे दोन्ही चालकांनी मिळून भरायच्या फॉर्मवर. एक बाजू निळी, दुसरी पिवळी, खाली कार्बन प्रत. चूक कोणाची, असा रकानाच त्यात नाही.

तरीही तुमची भीती अर्धी खरी आहे, कारण मेख रकाना 12 मध्ये आहे. अपघात कसा घडला ते खुणेने सांगायला तिथे 17 चौकोन असतात. 6 म्हणजे सर्कलमध्ये शिरत होतो, 7 म्हणजे सर्कलमध्ये फिरत होतो. आत असलेल्याला प्राधान्य, म्हणून तुमची खूण 6 वर आणि समोरच्याची 7 वर पडली की निकाल बहुधा तिथेच लागतो. 8 म्हणजे त्याच लेनमध्ये मागून धडक, 10 म्हणजे लेन बदलणं. 17 म्हणजे सिग्नल किंवा प्राधान्याची पाटी पाळली नाही. ही मात्र जवळजवळ कबुलीच. शेवटी किती चौकोनांवर खुणा केल्या तो आकडा लिहायचा असतो. तो रिकामा सोडू नका, मागाहून एखादी खूण वाढू शकते.

दुसरा घोळ रकाना 13 मधल्या आकृतीचा. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, पण आपला हात सवयीने गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला काढतो, आणि तुम्ही उलट्या लेनमध्ये होता असं तुमचंच चित्र सांगू लागतं. आधी बाण काढून दिशा ठरवा, मग गाड्या. समोरच्याचं म्हणणं पटत नसेल तर तसं रकाना 14 मध्ये लिहा आणि मगच 15 मध्ये सही. प्रती वेगळ्या झाल्यावर काही खोडायचं नाही.

पोर्तुगीज येत नाही ही अडचण सोपी आहे. सगळ्या भाषांत मांडणी आणि क्रमांक तेच असतात. इंग्रजी कोरा फॉर्म घरूनच छापून न्या. रकाना 6 मध्ये विमाधारक, म्हणजे गाडी भाड्याने देणारी कंपनी. तुमचं नाव 9 मध्ये, चालक म्हणून. विम्याचा तपशील गाडीतल्या ‘कार्ता व्हेर्द’वर, म्हणजे विम्याच्या ‘ग्रीन कार्ड’वर मिळतो. नाव हिरवं, कागद आता बऱ्याचदा पांढरा!

इजा झाली असेल, समोरचा सही नाकारत असेल किंवा प्यायलेला वाटत असेल, तर तुमचंच बरोबर: 112 फिरवा. हे मी आधी ठळकपणे लिहायला हवं होतं.

विमा कंपनीला कळवायची कायद्याची मुदत 8 दिवस, पण भाड्याच्या करारात ती बहुधा त्याहून कमी असते. मडगावच्या न्यायाधिकरणाचं म्हणाल, तर आपला मोटार वाहन कायदा भारतातल्या अपघातांपुरता. पोर्तुगालचा दावा तिथे लागणार नाही.

परवान्याकडे मात्र दुर्लक्ष नको. वाहतूक खात्याकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालतो, आणि मूळ परवानाही जवळ लागतो. वैध परवान्याशिवाय, किंवा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल असताना तुमच्या चुकीने अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देते आणि ते तुमच्याकडून वसूल करू शकते.